माहेरचं तेल

कुंभार पिंपळगाव
८ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप सुग्रीवमामा,

प्रांजलीचा नमस्कार. मामींना वेगळा नमस्कार आहे, तो त्यांना पोचवा, नेहमीसारखा स्वतःकडेच ठेवून घेऊ नका. आम्ही सगळे ठीक आहोत. थंडी यंदा हाडात शिरली आहे. करडी आधी उन्हात चांगली तापवल्याशिवाय घाण्यात घालता येत नाही, म्हणून आमचं काम रोज उशिरा सुरू होतं. बाकी घाणा बरा चालला आहे. लोकांना आता पुन्हा लाकडी घाण्याच्या तेलाची चव आठवायला लागली आहे.

तुम्ही म्हणाल, पत्र कशाला, फोन होता की. मामा, फोनवर तुम्ही "हां, हां, बराबर" म्हणता आणि ऐकलेलं काहीच नसतं. दिवाळीत मी तुम्हाला तुमच्या जावयाचा पाय मुरगळला असं सांगितलं, तर तुम्ही "लई छान झालं" म्हणालात. गोरक्षनाथांना ते अजून विसरता आलेलं नाही. म्हणून हे पत्र. पण पेपर वाचता तसं हे पारावर बसून मोठ्यानं वाचू नका. घरात बसून वाचा.

आईबद्दल लिहायचं आहे.

मागच्या महिन्यात ती रेशनला गेली होती. मशीनवर अंगठा लावला, मशीन म्हणालं नाही. दुसरा लावला, तरी नाही. सगळी बोटं झाली. मागच्या रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली, तेव्हा दुकानदार हसत म्हणाला, "आसराबाई, मशीनच्या हिशोबानं तुम्ही न्हाईच." आई हात पदरात गुंडाळून घरी आली आणि तो सगळा प्रकार मला दुसऱ्याच बाईकडून कळला. मी जाऊन तिचे हात उलटे करून पाहिले. बोटांवरच्या रेषा दिसतच नव्हत्या. सगळी कातडी पांढरी, खवल्याखवल्यांची, कडेला चिरा पडलेल्या. पाय पाहू म्हटलं तर पाय आखडून घेतले. तुम्हाला तुमची बहीण ठाऊकच आहे, तिला काय दुखतं ते काढून घ्यायचं म्हणजे खडकातून पाणी काढायचं.

टाच उजवी, चांगली खोलवर फाटलेली. लुगडं खाली ओढून ती झाकत होती. मेडिकलमधून मलम आणलं, लावलं. भरत येते आणि पुन्हा उकलते. शेवटी तिला गाडीत घातलं आणि जालन्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई तरुण आहेत पण घाई करत नाहीत. त्यांनी साखर तपासली, ती बरोबर निघाली. मग पापण्या ओढून डोळे पाहिले, तेही कोरडे. तोंडाच्या कडाही फाटलेल्या. मग त्यांनी विचारलं की आजी, तेल किती खाता? आई म्हणाली, "खाते की." मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आमचा तेलाचाच घाणा आहे, दर महिन्याला डबा भरून देते. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डबा भरून देता ते कळलं. यांच्या पोटात किती जातं ते मी विचारते आहे."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, ते तुम्हालाही सांगते, कारण पुढचं त्यावर आहे. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे रचलेली भिंत. दगड आपल्या जागी असतात, पण त्यांच्या सांध्यातली माती ही चरबीची असते. ती असली म्हणजे अंगातली ओल अंगातच राहते आणि बाहेरची घाण बाहेर. ती चरबी बनायला तेलातली काही आम्लं लागतात, मेदाम्लं म्हणतात त्यांना. त्यातलं लिनोलेइक नावाचं एक आहे, ते आपल्या शरीराला स्वतःला करताच येत नाही. जेवणातूनच यावं लागतं. करडीच्या तेलात ते भरपूर, तिळात आहे, कारळात आहे. जवसात दुसरं एक असतं, ते आग शमवायच्या कामाचं. हे मिळालंच नाही तर त्या भिंतीचे सांधे मोकळे पडतात, कातडी सुकते, खवले धरते, जखम भरत नाही. नुसती कातडी नाही, डोळ्यावरचा, तोंडातला नाजूक पडदासुद्धा. बाई म्हणाल्या की सगळं तेलामुळेच असं मी म्हणणार नाही, वय आहे, थंडी आहे, बोअरचं जड पाणी आहे, वर आजी दगडाने अंग घासतात. पण यांच्या जेवणात तेल नसणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. टाच अशीच राहिली तर पू धरेल आणि मग दवाखान्यात ठेवावं लागेल.

मी येताना गाडीत बाईंवर चिडलेली होते. तेलाच्या घरात बसून तेलाचा दुष्काळ, हे काय बोलणं झालं? आई खिडकीतून बाहेर बघत होती. ताकास तूर लागू देत नव्हती.

दोन दिवसांनी मी बिरोबाच्या देवळात गेले. समई लावलेली होती. मामा, मी रोज तेलात हात घालते, मला वासावरून कळतं. ते आमचं करडीचं तेल होतं. शिवाजी पुजारी खूश होऊन म्हणाला, "आसराकाकूंच्या तेलानं समई झकास जळून राह्यली. तुमचे अण्णा गेले तवापासून डबा तिकडूनच येतो." मी तिथेच पायरीवर बसले. काखेत कळसा म्हणतात तसं झालं. मी डबा भरून देत होते आणि देव खात होता.

तिथून सरळ आईकडे गेले. तिची चूल वेगळी, आमच्या मागच्या गल्लीत, तिला तसंच आवडतं, म्हणून मला काही दिसलंच नव्हतं. डाळ नुसती उकडलेली. मिरची पाट्यावर मिठाशी वाटलेली. भाकरी. दूध तिला पहिल्यापासून सोसत नाही, दाणे दातांना चावत नाहीत. एवढ्यावर ती जवळजवळ वर्षभर जगते आहे. मी तिच्या डोक्यावरचा पदर ओढला, कधी नव्हे ते. केस वाळल्या गवतासारखे, टाळू कोंड्याने भरलेली.

मी ओरडले तिच्यावर. खूप ओरडले. ती चुलीतलं लाकूड मागे घेत शांतपणे म्हणाली, "दादाच्या हाताचं तेल डोक्याला लागलं न्हाई. मंग पोटात कसं घालू?"

आता तुम्हाला कळलं असेल मी इतका वेळ आडवळणं का घेत होते.

अण्णांच्या तेराव्याला घर भरलेलं होतं. वंदनाकाकू तेलाची वाटी घेऊन आईपुढे आली, तेव्हा आई म्हणाली, माझा भाऊ यायचा आहे, तो लावील. आपल्यात रीतच आहे, बाईचा दुखवटा तिच्या माहेरच्या माणसाने उतरवायचा, तेल डोक्याला लावायचं आणि मग घरात फोडणी पडायची. काकूला वाटलं तुम्ही संध्याकाळी येऊन लावलं असेल. मला वाटलं काकूने लावलं. बाकीच्या बायांना वाटलं घरच्यांनी पाहिलं असेल. आणि आईने पदर डोक्यावर ओढून घेतला. एवढ्या माणसांत एकानेही तिच्या केसांना हात लावून पाहिला नाही.

मामा, मला तुमचा राग आहे, तोही लिहून टाकते. मातीच्या दिवशी तुम्ही मंठ्याहून धावत आलात आणि तोवर चिता पेटलेली होती, हे वाईटच झालं. तुम्हाला फोन लावला होता, तुम्हाला ऐकू आला नाही, आणि भावकीतले म्हातारे म्हणाले दिवस मावळायच्या आत उरकायला पाहिजे. आईला तर कोणी विचारलंही नाही. तुम्ही नदीवरूनच परत फिरलात, उंबऱ्याला पाय लावला नाहीत. तुमचं दुःख मला कळतं. पण त्यानंतर हे सगळे महिने? तिने तुमच्याविरुद्ध एक शब्द काढलेला नाही. कोणी विचारलं तर म्हणते, दादाला कामं आहेत.

मी तुम्हाला भीक मागत नाही, भाची आहे, हक्काने सांगते आहे. या आणि तिच्या डोक्याला तेल लावा. डॉक्टरीणबाईंचं मलम मी लावीन, जवसाची चटणी मी वाटीन, पण ती तुमच्याशिवाय घास गिळणार नाही. तिची टाच तुमची वाट बघते आहे म्हणा ना.

रागाने काही जास्त लिहिलं गेलं असेल तर ते माझं समजा, आईचं नाही. तिला हे पत्र ठाऊक नाही.

तुमची,
प्रांजली


मु. पो. मंठा
१६ जानेवारी

चि. प्रांजलीस मामाचा आशीर्वाद. जावईबापूंचा पाय मुरगळला हे आता कळले. वाईट वाटले.

तुझे पत्र दोनदा वाचले. मामीला वाचून दाखवले, ती रडली आणि मग मला बोलली. जे बोलली ते लिहीत नाही.

पोरी, मी रागावलो नव्हतो. नदीवर उभा होतो तेव्हा सगळे माझ्याकडे बघून राह्यले होते. सख्खा मेहुणा, आणि मातीला नाही पोचला. का, तर कानाने ऐकू येत नाही. कोणाकोणाला सांगणार? लाज वाटली म्हणून फिरलो. तेराव्याला मी तेलाची बाटली पिशवीत घालून सकाळपासून ओट्यावर बसलो होतो. बोलावणं येईल म्हणून. आपल्यात बिनबोलावता तेल घेऊन जात नाहीत, अपशकुन धरतात. मामी म्हणे जा. मी म्हणे बोलावणं येऊ दे. बोलावणं आलं नाही, मंग मला वाटलं आसरा रागावली. तिला वाटलं असेल मी रागावलो. दोघं बी एकाच माईचे, काय बोलावं.

तुझ्या पत्रालाच मी बोलावणं समजतो. सोमवारी येतो. परतूरला गाडी बदलून दुपारपर्यंत पोचतो.

एक सांगतो, तुझ्या घाण्यातलं तेल काढून ठेवू नको. तुझं किती बी चांगलं असलं तरी ते आसराच्या सासरच्या गावचं. मी आपल्या रानातली करडी गाळून आणतो. आईला काही सांगू नको.

तुझा मामा,
सुग्रीव


कुंभार पिंपळगाव
१४ फेब्रुवारी २०२६

तीर्थस्वरूप मामा,

नमस्कार. मामींना पण. तुमच्या करडीचं तेल खरोखर चांगलं आहे, हे मी घाणेवाली असून मान्य करते. गोरक्षनाथ म्हणतात की तुमच्याकडून बियाणं आणू.

त्या सोमवारी बसस्टँडवर तुम्ही मला विचारलंत, आसरा काही बोलली का नाही? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. बस सुटायची होती, आणि ओरडून सांगितल्याशिवाय तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगायचं नव्हतं. तुम्ही तेल लावत होतात तेव्हा ती भिंतीकडे बघत बसून होती. तेल तिच्या कपाळावरून भुवईपर्यंत ओघळलं, तरी तिने पुसलं नाही. तुम्हाला वाटलं असणार, अजून राग गेला नाही. तुम्ही गाडीत चढताना तुमचा चेहरा तसाच होता, म्हणून लिहिते.

तुम्ही गेल्यावरही ती जेवली नाही. डोक्याला तेल लागलं, दुखवटा उतरला, मी हौसेने वरणाला जिऱ्या-लसणाची चांगली सणसणीत फोडणी दिली. ताट पुढे ठेवलं. तिने ताट बाजूला सारलं. मी म्हटलं थकली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. मग माझं डोकं फिरलं. मामाला एवढ्या लांबून बोलावलं, आता आणखी काय राहिलं आहे, पाय तोडून घ्यायचा आहे का, असं मी बोलून गेले.

तेव्हा ती बोलली. मामा, तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते येत नाही.

"दादाची वाट पाहत व्हते, हे खरं हाय. पर दादा येऊ नये असं बी वाटायचं. दादानं तेल लावलं की दुखवटा सरला. दुखवटा सरला की तुझे अण्णा गेले. मंग मी त्येंच्या नावानं काय धरून ठेवू?"

मला तोवर वाटत होतं तुमच्या दोघांच्या मानापमानात ती सुकली. तेवढंच नव्हतं. तिने अण्णांना जाऊच दिलं नव्हतं. घरात फोडणी पडत नव्हती तोवर तिच्या हिशोबाने अजून तेराव्याच्या आतलेच दिवस चालू होते, आणि त्या दिवसांत माणूस अजून घराच्या आसपासच असतो. ती उकडलेल्या डाळीवर त्यांना राखून होती. कातडी फाटली तर फाटू दे म्हणत होती. आणि मी तिला मेदाम्लं समजावत होते.

मग ती रडली. मातीच्या दिवशी ती रडली नव्हती, तुम्हाला ठाऊक नसेल, तेव्हा सगळ्या बाया कुजबुजल्या होत्या. त्या सकाळी मात्र इतक्या मोठ्याने रडली की गल्लीतल्या बाया धावत आल्या. पुष्पाबाईने मला विचारलं कोण गेलं? मी म्हटलं, अण्णा. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तुमच्या बाटलीतलं तेल हातावर घेतलं आणि आईच्या पायांना लावत बसले. चिरांमध्ये तेल जातं तेव्हा चरचरतं, ती पाय मागे घेईल असं वाटलं. घेतला नाही. रडत रडत मला सांगत होती, अण्णांच्या टाचा पण अशाच फाटायच्या, मेंढरांमागं फिरून फिरून, आणि ते मेंढीची लोकर चाचपून तेलकट झालेला हात टाचांना पुसायचे. असली गोष्ट तिने मला आजपर्यंत कधी सांगितली नव्हती. त्या दिवसापासून रोज एक सांगते.

दुपारी तिने वरणभात मागितला. पहिला घास तोंडात घातला आणि म्हणाली, लसूण करपला. करपला होता, खरं आहे.

आता तब्येतीचं. बाईंकडे परवा जाऊन आलो. त्या म्हणाल्या की नवी कातडी एका दिवसात येत नाही, खालून वर यायला आठवडे लागतात, धीर धरा. टाच भरते आहे, कडा गुलाबी झाल्या आहेत. तोंडाच्या कडा बऱ्या झाल्या. डोळे चोळणं कमी झालं आहे. रोजच्या स्वयंपाकात करडीचं तेल, आठवड्यातून दोन-तीनदा जवसाची नाहीतर कारळाची चटणी, आंघोळीनंतर ओल्या अंगाला तेलाचा हात, आणि अंग घासायचा दगड बंद. तो दगड मी फेकून दिला आहे, त्यावरून एक भांडण झालं. भांडते आहे म्हणजे बरी आहे. बिरोबाला आता मी वेगळा डबा देते, त्याचं काही बंद केलेलं नाही, शिवाजी पुजाऱ्याला उगाच काळजी.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. या महिन्याच्या शेवटी अण्णांचं वर्षश्राद्ध आहे. मी महिनाभर विषय काढत होते आणि आई उठून आत जात होती. काल तिने स्वतःहून विचारलं, कोणाकोणाला सांगायचं? आणि म्हणाली, पहिलं दादाला लिही, तारीख वार सगळं लिही, आणि फोनवर भागवू नको. तर मामा, तारीख २७, शुक्रवार. तुम्ही आणि मामी दोघांनी आदल्या दिवशीच मुक्कामाला यावं. मेंढरं कोणाच्या तरी हवाली करा. पुरणाचा स्वयंपाक आई करणार आहे, मला हात लावू देणार नाही असं आत्ताच सांगून ठेवलं आहे.

हे लिहिताना ती शेजारी बसली आहे. तिला वाचता येत नाही, पण प्रत्येक ओळीला विचारते, आता काय लिवलं. मी म्हटलं, आता फक्त खाली माझं नाव. तर म्हणाली की बोलावणं आहे, नुसतं नाव कसं चालंल, बापाचं नाव लाव. मी अण्णांचं नाव लिहायला लागले, तशी तिने माझा हात धरला. तेल लावलेला हात, अजून खरखरीत आहे. म्हणाली, "तसं नको. आता त्येंच्या नावाआधी लिवतात ना, ते लिव." मी पुन्हा विचारलं, नक्की का? तिने मान हलवली.

वाट बघतो.

तुमची भाची
प्रांजली,
कैलासवासी धुळाजी यांची मुलगी